निर्लेखित यंत्रांवर सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेशनचा प्राथमिक वर्ग : कामाच्या नोंदी

तालुक्याच्या गावातील एका तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दर शनिवारी चालवलेल्या, संगणक आणि सर्व्हर सांभाळायला शिकवणाऱ्या वर्गाच्या या नोंदी आहेत. कमी पैशांत असाच वर्ग उभा करू पाहणाऱ्यांचा वेळ वाचावा, एवढाच त्यांचा उद्देश आहे. त्यामुळे व्याख्या आणि कमांडांच्या याद्या गाळल्या असून कोणते काम कुठे अडले आणि का अडले यावर भर दिला आहे. सर्व यंत्रांवर डेबियन १२ ही लिनक्स कार्यप्रणाली बसवली आहे.

२२ जून २०२४

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीत) निर्लेखनासाठी, म्हणजे वापरातून बाद करण्यासाठी, वेगळी काढलेली तेरा डेस्कटॉप यंत्रे विभागप्रमुखांनी लेखी परवानगीने वर्गासाठी दिली. चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि फिरत्या हार्ड डिस्क, अशी सर्वांची जडणघडण आहे. बारा यंत्रे विद्यार्थ्यांच्या जोड्यांसाठी आणि तेरावे सर्व्हरसाठी ठेवले.

मुख्य प्रयोगशाळेतील विंडोज संगणकांवर आभासी यंत्रे (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवावीत, म्हणजे खर्चच येणार नाही, अशी सूचना आली होती. ती दोन कारणांनी नाकारली. पहिले असे की, त्या संगणकांवर इतर विषयांची प्रात्यक्षिके चालतात आणि दर आठवड्याला कुणीतरी तिथल्या फायली पुसतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते : आभासी यंत्र बिघडले की विद्यार्थी आधीची प्रत परत आणून मोकळा होतो, आणि नेमके काय बिघडले होते हे शोधण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

जुन्या हार्ड डिस्क ठेवल्या असत्या, तर वर्गाचा निम्मा वेळ यंत्रे सुरू होण्याची वाट पाहण्यात गेला असता. म्हणून प्रत्येकी १,५५० रुपयांच्या २४० जीबी एसएसडी आणि प्रत्येकी ४५० रुपयांच्या वापरलेल्या ४ जीबी डीडीआर-३ रॅमच्या पट्ट्या घेतल्या. रॅम घेताना दुकानातच एका यंत्रावर लावून तपासून घ्यावी. आम्हाला आलेल्या पट्ट्यांपैकी दोन मेमरी-चाचणीत नापास झाल्या आणि त्या बदलून मिळेपर्यंत पुढचे काम खोळंबले.

२९ जून २०२४

आज डेबियन बसवायला घेतले आणि पहिला पूर्ण दिवस घड्याळाने खाल्ला. बहुतेक यंत्रांवर पॅकेजांची (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) यादी उतरवताना एकच तक्रार येत होती : रिपॉझिटरीची (पॅकेजांच्या मूळ साठ्याची) ‘रिलीज’ फाईल अजून वैध झालेली नाही, ती काही हजार दिवसांनी वैध होईल. इंटरनेट सुरू असताना असा संदेश आला की मुले लगेच आरसा-सर्व्हर (त्या साठ्याची प्रत ठेवणारा सर्व्हर) बदलू लागतात, आणि आमच्याकडेही तेच झाले. खरे कारण मदरबोर्डवरच्या बटण सेलमध्ये होते. सेल मेलेले असल्याने वीज काढताच यंत्राचे घड्याळ दहा-अकरा वर्षे मागे जात होते, आणि आज सही झालेली फाईल त्याला भविष्यातली वाटत होती. एका विद्यार्थ्याने ब्राउझरमध्ये बँकेचे पान उघडून पाहिले, तेव्हा तिथेही प्रमाणपत्र अवैध असल्याचा इशारा आला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आले.

सीआर-२०३२ सेल प्रत्येकी २५ रुपयांना मिळाले. इन्स्टॉलर स्वतः नेटवर्कवरून वेळ जुळवायचा प्रयत्न करतो. पण संस्थेच्या फायरवॉलमधून वेबखेरीज दुसरे काही बाहेर जात नसल्याने तो प्रयत्न निष्फळ ठरत होता. वेळ जुळवायला लागणारे यूडीपी १२३ हे पोर्ट (नेटवर्कची वाट) उघडावे, असे पत्र मी दिले आहे. त्या पत्रात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा उल्लेख केला, कारण त्यांत संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जुळवून ठेवावीत आणि लॉग (यंत्रावरील घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. नुसत्या विनंतीला जे उत्तर मिळाले नसते, ते निर्देशाचा क्रमांक लिहिल्यावर दोन दिवसांत मिळाले. ज्यांना कार्यालयाकडून असे काम करून घ्यायचे आहे त्यांनी हा मार्ग जरूर वापरावा.

सर्व्हरवर पॅकेजांचा स्थानिक साठा करणारे ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ आधी बसवले आणि बाकीच्या यंत्रांवर इन्स्टॉलर प्रॉक्सी (मधला सर्व्हर) विचारतो तिथे सर्व्हरचा पत्ता व ३१४२ हे पोर्ट दिले. डेबियनची रिपॉझिटरी साध्या एचटीटीपीवरून चालत असल्यामुळे हे जमते. पहिल्या यंत्राने उतरवलेली पॅकेजे पुढच्या यंत्रांना खोलीतल्या स्विचच्या वेगाने मिळाली. हे केले नसते, तर संस्थेच्या इतर विभागांनी आमची तक्रार केली असती.

६ जुलै २०२४

वर्गाचा पहिला दिवस. तीन जोड्यांनी इन्स्टॉलरमध्ये रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड भरला होता, बाकीच्यांनी ती जागा रिकामी सोडली होती. रिकामी सोडली तर सुडो (साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार वापरू देणारी कमांड) बसते आणि पहिला वापरकर्ता त्याच्या गटात जातो. भरली तर, निदान आमच्यासारख्या किमान स्थापनेत, सुडो येतच नाही. या तीन जोड्यांना ‘एसयू’ने रूट होऊन सुडो बसवायला सांगितले. पॅकेज बसले, पण वापरकर्त्याला गटात घालण्याची कमांडच सापडेना. नुसते ‘एसयू’ लिहिले की जुन्या वापरकर्त्याचाच पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) राहतो आणि त्यात व्यवस्थापनाच्या कमांडांचे एसबिन फोल्डर नसते. ‘एसयू’नंतर एक आडवी रेघ दिली की रूटचा पाथ मिळतो. एवढ्याशा रेघेने तीन जोड्यांची गाडी पाऊण तास अडवली.

वर्ग सुरू होण्याच्या आदल्या सोमवारी, १ जुलैला, ओपन-एसएसएचमधील (दुरून यंत्रात शिरण्याच्या सॉफ्टवेअरमधील) मोठी त्रुटी क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केली होती. २००६ मध्ये बुजवलेले छिद्र २०२० च्या एका बदलाने पुन्हा उघडले गेले, असे तिचे स्वरूप आहे. डेबियन १२ तिच्या कक्षेत येत होते, म्हणून पहिला धडा अद्ययावत करण्याचाच ठेवला. अपडेट झाल्यावर आवृत्ती तपासली, तर ती ९.२च दिसली, आणि बातम्यांत मात्र ९.८ हवी असे लिहिलेले. ‘सर, अपडेट झालंच नाही,’ असे सगळे म्हणू लागले. डेबियन स्थिर आवृत्तीत मूळ क्रमांक न बदलता नव्या आवृत्तीतली केवळ दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवते आणि क्रमांकाच्या शेपटाला आपली खूण जोडते. म्हणून पॅकेजचा बदल-इतिहास उघडून त्यात त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटीला मिळणारा ओळख क्रमांक) शोधायला लावला. तो सापडल्यावरच यंत्र सुरक्षित मानायचे, हा नियम त्या दिवसापासून वर्गात लागू केला.

१३ जुलै २०२४

वापरकर्ते, गट आणि परवानग्या हा विषय होता. एका जोडीला वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेला ‘सगळ्यांना सगळे’ देणारा ७७७ चा उपाय केला. कमांड लिहिताना पहिल्या तिरक्या रेघेनंतर चुकून मोकळी जागा पडली, आणि चमॉड (परवानग्या बदलणारी कमांड) मूळ फोल्डरपासून सगळ्या डिस्कवर फिरले. फायली पुसणारी आरएम ही कमांड मूळ फोल्डर पुसायला स्वतःहून नकार देते. चमॉडला असा लगाम आपोआप नसतो.

त्यानंतर जे दिसले ते वर्गाच्या दृष्टीने फार मोलाचे होते. सुडो चालेना. ‘सुडोची फाईल रूटच्या मालकीची हवी आणि तिच्यावर सेटयूआयडी बिट हवा’ असा तिचा संदेश होता. ७७७ लावताना तो बिट, म्हणजे कमांड मालकाच्या अधिकाराने चालू देणारी खूण, पुसला गेला होता. सेवा पुन्हा सुरू करायला गेलो तर एसएसएचनेही नकार दिला, कारण तिच्या खासगी किल्ल्या आता सर्वांना वाचता येत होत्या. वर्गाला दोन्ही संदेश मोठ्याने वाचायला लावले. जास्त मोकळीक दिली म्हणून यंत्र बंद पडते, हे मुलांना आधी पटत नव्हते.

यंत्र बचाव-अवस्थेत नेले, तर तिथे ‘रूट खाते कुलूपबंद असल्याने कन्सोल देता येत नाही’ असे उत्तर आले. इन्स्टॉलरमध्ये पासवर्ड रिकामा सोडण्याची ही दुसरी बाजू आहे. शेवटी ग्रबच्या (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ओळीत इनिटच्या (सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जागी बॅश (कमांड घेणारा प्रोग्रॅम) देऊन आत शिरलो. पासवर्ड न विचारता रूट मिळाल्याचे पाहून वर्गात गलका झाला. सर्व्हर ठेवलेल्या कपाटाला कुलूप का हवे, हा प्रश्न त्यानंतर कुणी विचारला नाही.

दोघांचे काम पेनड्राइव्हवर काढून घेतले आणि डेबियन नव्याने बसवले. पॅकेजे पुन्हा बसवून परवानग्या बऱ्याच अंशी सुधारता आल्या असत्या. परंतु कुठली फाईल राहिली याची खात्री देता येत नाही, आणि खात्री नसलेले यंत्र मी वर्गात ठेवत नाही.

२० जुलै २०२४

आजचा ठरलेला पाठ बाजूला ठेवला. काल सकाळी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरची विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. वर्गाला एवढेच सांगितले की, उपाय म्हणजे सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल पुसायची आहे, आणि विचारले की, हे हजार यंत्रांवर कसे कराल? बहुतेकांनी दुरून आदेश पाठवू, असे सांगितले. यंत्र बूटच होत नसेल, तर दुरून आदेश घेणारे तिथे कुणी नसते. माणसाने प्रत्येक यंत्रापुढे जाऊन बसावे लागते, आणि डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) बंद असेल तर तिची किल्लीही हाताशी लागते. त्या किल्ल्या ठेवलेला सर्व्हरच बंद पडला असेल तर काय, हा प्रश्न शेवटच्या बाकावरून आला. त्या प्रश्नावरून ठरवले की, आमच्या सर्व्हरचे आणि खात्यांचे तपशील छापून पाकिटात घालून कार्यालयाच्या कपाटात ठेवायचे.

इथून पुढे कोणतेही अपडेट आधी एका यंत्रावर, एक आठवड्यानंतर बाकीच्यांवर. तातडीच्या सुरक्षा दुरुस्तीला यातून सूट आहे.

३ ऑगस्ट २०२४

आतापर्यंतच्या कामात एक उणीव जाणवत होती. विद्यार्थी सांगितलेले बिनचूक करत होते, पण सर्व्हर बंद पडला तरी कुणाचे काही अडत नव्हते. म्हणून विभागप्रमुखांशी बोलून अंतिम वर्षाचे प्रकल्प अहवाल ठेवण्याची जागा आमच्या सर्व्हरवर आणली. साम्बा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोज संगणकांना उघडू देणारे सॉफ्टवेअर) बसवून तीन फोल्डर केले : अंतिम वर्ष, अध्यापक आणि छपाई.

पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेतील विंडोज १० संगणकांनी फोल्डर उघडायला नकार दिला. विद्यार्थ्यांनी सोय म्हणून पाहुण्या वापरकर्त्याला प्रवेश ठेवला होता, आणि विंडोजच्या अलीकडच्या अनेक आवृत्त्यांत असा विनाओळख प्रवेश मुळातच बंद असतो. हा प्रवेश अडवणारी विंडोजची सेटिंग बदलून टाकण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. आम्ही तो मार्ग घेतला नाही आणि प्रत्येकाला खाते दिले. तरीही पासवर्ड चुकीचा ठरत होता, कारण साम्बाचे पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डांपासून वेगळे साठवले जातात आणि ते वेगळ्या कमांडने द्यावे लागतात. खाते उघडण्याची पाच ओळींची स्क्रिप्ट करून दोन्ही एकाच वेळी होतील अशी व्यवस्था एका विद्यार्थिनीने केली. ती आजही वापरात आहे.

सोमवारी सकाळी एक अध्यापिका दारात उभ्या राहिल्या : ‘अरे, माझं फोल्डर कुठं गेलं?’ ते त्यांच्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर ओढले गेले होते. त्या दिवसापासून तक्रारवही सुरू केली : तक्रार कुणाची, केव्हा आली, काय पाहिले, काय केले. तोवर लॉग वाचा म्हटले की कंटाळणारी मुले आता मधल्या सुट्टीत येऊन जर्नल (यंत्राच्या लॉगचा संग्रह) चाळू लागली, कारण बाहेर कुणीतरी उत्तराची वाट पाहत उभे असे. माझ्या मते या वर्गातला सर्वांत उपयोगी निर्णय हाच होता, आणि तो पहिल्या शनिवारीच घ्यायला हवा होता.

१७ ऑगस्ट २०२४

एसएसएचवर चुकीच्या पासवर्डांचा मारा झाल्यास पत्ता अडवणारे फेल-टू-बॅन बसवले, आणि ते सुरूच होईना. सर्व मार्गदर्शिकांत ऑथ-लॉग नावाच्या फाईलचा उल्लेख होता. आमच्या यंत्रांवर ती फाईलच नव्हती. डेबियन १२ पासून आर-सिसलॉग (नोंदी फायलींत लिहिणारी सेवा) आपोआप बसत नाही आणि सर्व नोंदी सिस्टीमडीच्या (यंत्रावरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) जर्नलमध्ये जातात. फेल-टू-बॅन मात्र फाईल शोधत राहते. त्याच्या सेटिंगमध्ये बॅकएंड (नोंदी वाचण्याची जागा) म्हणून सिस्टीमडी दिले की काम होते. एका जोडीने फाईल नाही म्हणून रिकामी फाईल तयार करून दिली. सेवा सुरू झाली, हिरवा दिवा दिसला, आणि ती काहीच पाहत नव्हती. ‘सेवा चालू आहे’ आणि ‘सेवा काम करते आहे’ या दोन गोष्टींची वेगवेगळी तपासणी करण्याचा पाठ यातूनच तयार झाला : दुसऱ्या यंत्रावरून मुद्दाम चुकीचे पासवर्ड द्यायचे आणि पत्ता अडवला जातो का ते पाहायचे.

२१ सप्टेंबर २०२४

गणपतीच्या सुट्ट्यांनंतरचा पहिला वर्ग. सुट्टीपूर्वी रात्री दोन वाजता अहवालांची बॅकअप प्रत घेणारी ओळ क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) लावली होती. हाताने चालवली तेव्हा ती नीट चालली होती. आज पाहिले, तर बॅकअपच्या फोल्डरमध्ये फक्त ती हाताने घेतलेली एकच प्रत होती.

दोष टक्क्याच्या चिन्हात होता. फाईलच्या नावात तारीख यावी म्हणून डेट कमांड वापरली होती आणि तिच्या स्वरूपात टक्क्याचे चिन्ह येते. क्रॉनटॅबमध्ये हे चिन्ह म्हणजे ओळ संपली असा अर्थ होतो. त्यापुढचा मजकूर कमांडचा भाग राहत नाही. त्यामुळे दररोज रात्री अर्धवट तुटलेली कमांड चालून कोसळत होती. क्रॉन अशी चूक ईमेलने कळवते, पण यंत्रावर ईमेल पाठवणारी सेवाच नव्हती, म्हणून जर्नलमध्ये रोज एक ओळ पडत होती : ईमेल सेवा बसवलेली नाही, आउटपुट टाकून देत आहे. ज्या ओळीत सगळे उत्तर होते ती कुणी वाचली नव्हती, मीही नाही. या काळात कुणाचा अहवाल गेला नाही, हे केवळ नशीब.

चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ दिली तरी भागते, परंतु कमांड स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनटॅबमधून फक्त स्क्रिप्ट बोलावणे अधिक सुरक्षित आहे. आम्ही पुढे जाऊन क्रॉन सोडून सिस्टीमडीचा टायमर लावला. आमच्याकडे रात्री वीज जाते. दोन वाजता यंत्र बंद असेल, तर क्रॉन ती वेळ विसरतो. टायमरला ‘पर्सिस्टंट’ दिले, तर चुकलेले काम यंत्र सुरू होताच होते.

५ ऑक्टोबर २०२४

बॅकअपसाठी ४,२०० रुपयांची १ टीबी बाहेरची डिस्क घेतली आणि तिची नोंद एफएसटॅबमध्ये (यंत्र सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) केली. गुरुवारी कुणीतरी फोटो कॉपी करण्यासाठी ती काढून नेली. शुक्रवारी पहाटे वीज गेली, यूपीएसच्या जुन्या बॅटरीने दोन मिनिटांतच मान टाकली, आणि वीज आल्यावर सर्व्हर डिस्कची दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीच्या अवस्थेत अडकला. रूट कुलूपबंद असल्याने कन्सोलही मिळाले नाही. मात्र ग्रबमधून आत शिरण्याची रीत जुलैतच हाताखालून गेली होती, आणि दोन विद्यार्थिनींनी मी येण्याआधीच सर्व्हर उभा केला होता.

एफएसटॅबच्या ओळीत ‘नोफेल’ दिले की डिस्क नसतानाही यंत्र सुरू होते. मात्र इथे थांबू नये. डिस्क नसताना तिच्या जागी रिकामे फोल्डर उरते, आणि बॅकअपची स्क्रिप्ट इमानेइतबारे त्याच फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवर, प्रती लिहीत सुटते. प्रती आहेत असे वाटत राहते आणि मूळ डिस्क भरून साम्बा बंद पडते. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ती जागा खरोखर माउंट झाली आहे का, म्हणजे तिथे डिस्क जोडलेली आहे का, हे तपासून, नसल्यास काम थांबवायचे असे लिहिले. डिस्क आता कपाटात आहे आणि तिच्या वायरीवर ‘काढू नये’ अशी चिठ्ठी आहे. यूपीएसची बॅटरी ९५० रुपयांना बदलली.

२६ ऑक्टोबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीआधी प्रात्यक्षिक परीक्षा घेतली. आदल्या संध्याकाळी बारा यंत्रे मुद्दाम बिघडवली. एकात पुसलेली पण अजून उघडी असलेली मोठी लॉग फाईल डिस्क अडवून बसली होती. फायलींची बेरीज आणि भरलेली जागा जुळत नाही म्हणून सगळे चक्रावले. दुसऱ्यात छोट्या फायलींनी आयनोड (प्रत्येक फाईलमागे डिस्कवर लागणाऱ्या नोंदी) संपवले होते. तिसऱ्यात एसएसएचसाठी पासवर्डऐवजी वापरायच्या किल्लीच्या फोल्डरची परवानगी सैल होती, त्यामुळे एसएसएच निमूटपणे पासवर्ड मागत होते. गुण दुरुस्तीइतकेच नोंदीला दिले, आणि ज्यांची नोंद वाचून दुसऱ्या जोडीला तेच काम करता आले नाही त्यांचे गुण कापले.

शेवटचा प्रश्न सर्वांना समान होता : बॅकअपमधून अध्यापकांचे फोल्डर दुसऱ्या यंत्रावर परत उभे करा. फायली सर्वांनी आणल्या. मात्र निम्म्याहून अधिक जोड्यांनी त्या साध्या वापरकर्त्याने उलगडल्या, त्यामुळे मालकी त्या वापरकर्त्याकडे गेली आणि साम्बातून कुणालाच त्यांत लिहिता येईना. रूट म्हणून उलगडले की मालकी टिकते, पण ती क्रमांकांवरून परत लावली जात असेल, तर दोन्ही यंत्रांवर वापरकर्त्यांचे क्रमांक सारखे असावे लागतात. एका जोडीच्या यंत्रावर ते वेगळे निघाले आणि एका अध्यापकांच्या फायली दुसऱ्यांच्या नावावर दिसू लागल्या. हा मुद्दा मी वर्गात शिकवलेला नव्हता, म्हणून त्याचे गुण कुणाचेही कापले नाहीत. खाती उघडणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आता क्रमांक ठरवून दिला जातो.

एकूण खर्च : एसएसडी २०,१५० रुपये, रॅम ५,८५०, बटण सेल ३२५, बाहेरची डिस्क ४,२००, यूपीएसची बॅटरी ९५०, केबल आणि कनेक्टर १,१००, मिळून ३२,५७५ रुपये. पुढची तुकडी जानेवारीत सुरू होईल. तिच्या पहिल्या दिवसापासून सर्व्हरची जबाबदारी आणि तक्रारवही या तुकडीतील चौघांकडे राहील, नव्यांनी त्यांच्या हाताखाली काम करायचे आहे. बाहेरची दुसरी डिस्क मागितली आहे, म्हणजे एक प्रत इमारतीबाहेर ठेवता येईल. ती मागणी अद्याप लेखा विभागात आहे.